हिरव्या डोक्याचा दगड

परवा माहेरून दादाचा फोन आला. दादा आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. आमचा फोनवरचा क्रम ठरलेला असतो. आधी तब्येत, मग पाऊस, मग भात कसं आहे, आणि शेवटी गावात कोण गेलं. परवा मात्र त्याने सुरुवातच केली, "अगं, फाट्यावरचा दगड काढला बघ."

माझ्या लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, दगड काढला म्हणून मामाने फोन केला?" आता हिला कसं सांगावं! म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. निदान भाच्या-पुतण्यांना तरी कळेल की त्यांच्या आत्या-मावशीला रस्त्याचं एवढं काय पडलं आहे.

मंडळी, माझं माहेर घाटावर आणि सासर तळकोकणात. म्हणजे माहेर पाटण तालुक्यात, मल्हारपेठ आणि पाटणच्या मधे मुख्य रस्त्याला एक फाटा फुटतो त्या फाट्यावर आत चार किलोमीटर. (गावाचं नाव लिहीत नाही. मागे एकदा लिहिलं होतं तर गावातल्या दोघांनी "आमच्याबद्दल असं का लिहिलंस" म्हणून विचारलं.) सासर गुहागर तालुक्यात, शृंगारतळीहून आत. या दोन टोकांना जोडणारा रस्ता एकच, गुहागर–विजापूर राज्यमार्ग. 1973 साली लग्न होऊन मी याच रस्त्याने एस.टी.तून कुंभार्ली घाट उतरले, आणि पुढची पन्नास वर्षं चढत-उतरत राहिले. या रस्त्याने मला रडताना पाहिलं आहे आणि उलट्या करतानाही.

आता दगडाचं. रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडाचं डोकं रंगवलेलं असतं हे सर्वांनी पाहिलेलं असतं, पण त्या रंगाचा अर्थ फार जणांना ठाऊक नसतो. राष्ट्रीय महामार्गाचं डोकं पिवळं. राज्यमार्गाचं हिरवं. खेड्यातल्या रस्त्यांना नारिंगी. आमच्या फाट्यावर हिरव्या डोक्याचा दगड होता, त्यावर "पाटण 8" असं लिहिलेलं. गेल्या दशकात हा राज्यमार्ग राष्ट्रीय महामार्ग झाला, त्याला 166ई असा नंबर मिळाला, रुंदीकरण सुरू झालं आणि एकेक हिरवा दगड जाऊन पिवळा आला. आमच्या फाट्यावरचा तेवढा कसा कोण जाणे राहिला होता. तोही गेला.

मी शाळेत मराठी शिकवायची आणि कुणी नसेल तेव्हा इतिहास. इतिहासाच्या पुस्तकात राजे असतात, रस्ते फारसे नसतात. पण या रस्त्याचा इतिहास एखाद्या राजघराण्यासारखाच आहे. गुहागर आणि विजापूर ही जोडी कुणा इंजिनियरने टेबलावर बसून ठरवलेली नाही. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे खाडीच्या एका तीरावर गुहागर तालुका आणि दुसऱ्या तीरावर दाभोळ. हे दाभोळ बहमनी काळापासूनचं मोठं बंदर, पुढे विजापूरच्या आदिलशाहीचं. घोडे, कापड, मसाले इथे उतरायचे-चढायचे. इतकं भरभराटीचं की 1508 सालच्या अखेरीला पोर्तुगीजांच्या आल्मेदाने ते जाळून बेचिराख केलं. तरीही ते पुन्हा उभं राहिलं, कारण त्याच्या पाठीमागे वाट होती. खाडीने चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत होड्या, तिथून बैलांच्या पाठीवर माल, कुंभार्लीची चढण, कोयनेच्या काठाने कराड, आणि पुढे कोरड्या मुलखातून विजापूर.

घाटाची वाट धनगराने दाखवली असं लहानपणापासून ऐकत आले. घाटात सोनपात्रा देवीचं ठाणं आहे, तिथे ड्रायव्हर लोक अजून गाडी थांबवून नारळ ठेवतात. मला मात्र या कथेची थोडी शंका येते, कारण खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाचीही हीच कथा सांगतात. पण शंका असली तरी मीही हात जोडतेच.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हा घाट बैलगाड्यांसाठी बांधून काढला. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी वर जायची, वरून गूळ, मिरची, ज्वारी खाली यायची. मग 1880च्या दशकात कराडवरून रेल्वे गेली आणि देशावरचा माल समुद्राकडे न जाता रुळांवरून पुण्या-मुंबईकडे जाऊ लागला. चिपळूणच्या पेठेला तो मोठा धक्का होता. म्हणजे या रस्त्याचा हा पहिला अपमान. माझ्या सासूबाई मुंबईला जायच्या त्या दाभोळला बोट धरून. त्यांच्या दृष्टीने कुंभार्ली म्हणजे जगाचा शेवट होता आणि सून त्या शेवटापलीकडची आणली, असं त्या पाहुण्यांना सांगत असत.

रस्त्याला पुन्हा दिवस आले ते कोयना धरणामुळे. 1954 नंतर हेळवाकच्या परिसरात कामगार, यंत्रं, सिमेंट असं सगळं याच रस्त्याने आलं. मी लहान होते, वडील मला फाट्यावर नेऊन ते अवजड ट्रक दाखवत. एका ट्रकला किती चाकं आहेत हे मोजायचा आमचा खेळ होता. धरण झालं, पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर झालं, आणि वरच्या अंगाला शिवसागर जलाशय भरला. त्या पाण्याखाली कोयनेच्या खोऱ्यातली गावं गेली, माणसं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी कुठे कुठे विखुरली. हेळवाकहून खोऱ्यात वर जाणारी वाटही त्याबरोबर बुडाली. माझ्या आईची मावशी त्या बाजूची. तिच्या गावाला जायचा रस्ता आई हाताने हवेत काढून दाखवायची. नकाशात तिथे निळा रंग आहे.

मग 11 डिसेंबर 1967. मी सोळा वर्षांची, अकरावीत. पहाटे साडेचारच्या आधीची वेळ. आधी गुरं हंबरली, मग घर हललं. दादाने मला दंडाला धरून ओढत अंगणात आणलं आणि आमच्या पडवीची भिंत आमच्या डोळ्यांदेखत बसली. कोयनानगर तर पार उद्ध्वस्त झालं. त्या भूकंपात सुमारे 180 माणसं गेली. उजाडल्यापासून मुख्य रस्त्यावर जीपगाड्या धावू लागल्या. डॉक्टर, पोलीस, मंत्री, ब्लँकेटं, दुधाची पावडर. आम्हाला वरून त्या गाड्यांची धूळ दिसायची. पण आमच्या फाट्यावर पहिली जीप वळली ती तिसऱ्या दिवशी दुपारी. मधली मोरी खचली होती, आणि ती दुरुस्त करणं हे कुणाचंच पहिलं काम नव्हतं. तोवर शेजारच्या काकूंना दारावर घालून चौघांनी फाट्यापर्यंत नेलं होतं. त्या वाचल्या नाहीत. वेळेत जीप आली असती तर वाचल्या असत्या का, हे मला सांगता येणार नाही. पण त्या तीन दिवसांत मला जे कळलं ते पुढे कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. रस्ता आला म्हणजे गाव जोडलं गेलं असं नव्हे. गाव फाट्याने जोडलं जातं.

पुढे 22 जुलै 2021ची रात्र आली. त्याच तालुक्यात आंबेघर, ढोकावळे, मिरगाव इथे डोंगर खाली आले आणि घरं माणसांसकट गाडली गेली. त्या दिवसात चिपळूण पाण्याखाली होतं, आमचे नातेवाईक माळ्यावर बसून होते, त्यामुळे मला दोन्हीकडचे फोन लागत नव्हते. टी.व्ही.वर बघत होते. मदतीची पथकं आली होती, पण आतले रस्ते वाहून गेलेले, चिखलातून चालत जावं लागत होतं. चौपन्न वर्षांनी तेच. मुख्य रस्त्यापर्यंत सगळं पोचतं. पुढचं अंतर माणसाने आपल्या पायांनी आणि नशिबाने कापायचं.

या रस्त्याचे फाटे मला पाठ आहेत. कराडहून निघालं की काही वेळाने मल्हारपेठ, तिथे उंब्रजकडून रस्ता येऊन मिळतो. नवारस्ता तर मला सगळ्यात आवडतो, कारण त्या ठिकाणाचं नावच नवारस्ता. तिथून दिवशी घाटाने ढेबेवाडीकडे जाता येतं. कधीतरी तो रस्ता नवा होता, आता कुणाला आठवतही नाही की तो नवा कधी होता, पण नाव म्हातारं होत नाही. पाटणहून मोरगिरीकडे. हेळवाकहून कोयनानगरकडे. घाट उतरला की पोफळी, अलोरे, शिरगाव. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर हा रस्ता मुंबई–गोवा महामार्गाला छेदतो आणि पुढे रामपूर, मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत गुहागरला समुद्र बघतो. प्रत्येक फाट्याला एक पिकअप शेड, एक चहाची टपरी, एक सायकल दुरुस्तीवाला आणि वडापच्या जीपची वाट बघणारी पाच-सात माणसं. मुलीचं लग्न ठरलं तर आधी फाट्यावर कळायचं. परीक्षेचा निकाल फाट्यावर यायचा, कारण पेपर तिथे यायचा. सासरहून आलेल्या मुलीला घ्यायला बैलगाडी फाट्यावर यायची. दादा कितीदा तरी त्या हिरव्या डोक्याच्या दगडावर बसून माझ्या गाडीची वाट बघत असे. एस.टी. तीन तीन तास उशिरा यायची, पण दगडावर दादा असायचाच.

कराडच्या पूर्वेकडचा रस्ता मला फारसा माहीत नाही. एकदाच गेले, 1984 साली शाळेच्या सहलीबरोबर थेट विजापूरपर्यंत. कडेगाव, विटा, नागज, जत. खिडकीतून माती बदलताना दिसत होती, तांबडी, करडी, काळी, आणि झाडं कमी कमी होत गेली. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जतला पाचशेच्या आसपास. एकाच रस्त्याच्या दोन बाजू! वीज करण्यासाठी कोयनेचं 67.5 टीएमसी पाणी पश्चिमेला सोडायला लवादाने मुभा दिली आहे, ते पोफळीहून वाशिष्ठीत आणि वाशिष्ठीतून समुद्रात जातं. आणि कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून पूर्वेकडे चढवावं लागतं. यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे नको. सहलीतली गोष्ट तेवढी सांगते. गोलघुमटाच्या आवारातली मशीद पाहून वेलदूरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, ही आपल्या पलीकडच्या मशिदीसारखी आहे." पलीकडची म्हणजे खाडीपलीकडची, दाभोळची, सतराव्या शतकातली. ती खरंच विजापुरी धाटणीची आहे. सातवीतल्या मुलाने एका वाक्यात रस्त्याची दोन्ही टोकं बांधून टाकली. मी त्याला सहलीच्या खर्चातून एक पेढा जास्त दिला.

आता नंबराची गंमत. माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, इंजिनियर आहे. त्याने मला समजावून सांगितलं की राष्ट्रीय महामार्गाच्या तीन आकडी नंबरात शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे असतात. 166ई म्हणजे 66ची एक शाखा. 66 म्हणजे मुंबई–गोवा, जो पूर्वी 17 होता. मी त्याला दोनदा विचारलं, "म्हणजे आपला रस्ता हा फाटा झाला?" तो म्हणाला, "कागदावर तसंच, आत्या." बघा! बहमनींच्या काळापासून माल वाहणारी वाट, आमचं खोड, ती कागदावर फाटा झाली. मग फाट्याच्या फाट्यांना कोण विचारणार? रस्त्याला बढती मिळाली असं सगळे म्हणतात. शिक्षण खात्यातली माझी पस्तीस वर्षांची नोकरी सांगते की बढतीत बऱ्याचदा बदलीही असते. रस्ता राज्याच्या हातातून केंद्राच्या हातात गेला, फाटे होते तिथेच राहिले. आणि दोघांच्या मधला जो जोड, फाट्याचं तोंड, ते कुणाकडेच राहिलं नाही.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या फाट्यावर नवीन काँक्रीटचा रस्ता जुन्या गावरस्त्यापेक्षा हातभर उंच झाला. मधे उतार करून द्यायला हवा होता तो कित्येक महिने झाला नाही, नुसती खडी टाकून ठेवलेली. पिकअप शेड पाडलं ते पुन्हा बांधलं नाही. आमच्या गावची मुक्कामी गाडी 2021-22 च्या संपानंतर परत सुरू झाली नाही, त्यामुळे म्हाताऱ्यांनाही फाट्यापर्यंत यावंच लागतं. गेल्या वर्षी पावसाळ्यात दादा बँकेत जायला निघाला, त्या खडीवरून वर चढताना पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. भाच्याने नंतर दोन कार्यालयांत अर्ज दिले. एकाने सांगितलं, गावरस्ता आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याने सांगितलं, महामार्गाच्या हद्दीत आम्हाला हात लावता येत नाही. दोन्ही साहेब सौजन्याने बोलले, चहाही दिला. खडी तिथेच.

मी अन्याय करत नाही. भाचा मला सारखा आठवण करून देतो की ज्या रस्त्याने बाबा पाडले त्याच रस्त्याने त्यांना कराडच्या दवाखान्यात तासाभरात पोचवलं. जुन्या रस्त्याने खड्डे चुकवत गाडीला दोन तास लागले असते आणि मोडलेल्या हाडाला प्रत्येक खड्डा कळला असता. हे मला मान्य आहे. घाटातली वळणं रुंद झाली तर कुणाच्या पोटात दुखेल? माझ्या तर पोटातलं दुखणं बरंच होईल. मी नवीन रस्त्याच्या विरुद्ध नाही, आणि "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्या पंथातलीही नाही. जुन्या रस्त्यावर मी फार ओकले आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की महामार्गाच्या अंदाजपत्रकातच प्रत्येक फाट्याचे पहिले शंभर मीटर धरावेत. उतार, मोरी, दिवा आणि सावलीला शेड. ज्याने मुख्य रस्त्याचं काम घेतलं त्यानेच ते करावं, आणि ते झाल्याशिवाय त्या टप्प्याचं काम पूर्ण झालं असं लिहू नये. मोरी तर आधी. 1967 साली जी खचली ती मोरीच होती. भाचा म्हणतो, "आत्या, नकाशात जंक्शन दाखवलेलं असतंच." असेल. दादा नकाशात पडला नाही.

त्याचं दुसरं म्हणणं असं की एवढ्या फाट्यांवर खर्च करायचा तर पैसा कुठून आणणार, आणि तुमच्या फाट्यावर दिवसाला गाड्या किती वळतात ते मोजा. हा मुद्दा मात्र मी मोडून काढणार आहे, कारण तो नेहमी असाच मांडला जातो. वळणाऱ्या गाड्या मोजल्या तर थोड्याच भरतील. पण फाट्यावर उतरून चालत जाणारी माणसं कोण मोजतं? शाळेतल्या मुली, डोक्यावर भाजी घेऊन निघालेल्या बायका, औषधाच्या पिशव्या घेतलेले म्हातारे. त्यांच्याकडे वाहन नाही म्हणून ती वाहतूक नाही, असं झालं आहे. मी शिकवत असताना आमच्या शाळेत एक मुलगी रोज सहा किलोमीटर चालून फाट्यावर यायची आणि तिथून एस.टी.ने शाळेत. तिची गणती कुठल्याच रस्त्याच्या वहीत झाली नसेल. ती आज परिचारिका आहे, आणि याच रस्त्यावरच्या एका गावात काम करते.

भाच्याने यावर काही उत्तर दिलं नाही. पण गणपतीत घरी गेला तेव्हा त्याने गावातल्या पोरांना घेऊन फाट्यावर सिमेंटची सहा पोती रिकामी केली आणि पायऱ्यांसारखा एक उतार करून टाकला. नियमात बसतो की नाही, त्याला विचारू नका.

दगडाचं राहिलंच. रुंदीकरणवाल्यांनी तो उपटून गटारात लोटला होता. पोरांनी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणला. तो सध्या अंगणात पेरूच्या झाडाखाली आहे. वहिनी म्हणते त्यावर मिरच्या वाळत घालायला बरं पडतं. दादा सकाळी काठी टेकत जाऊन त्यावर बसतो आणि तिथूनच मला फोन करतो. हिरवा रंग बराच उडाला आहे, पण "पाटण 8" अजून वाचता येतं. मी त्याला म्हटलं, आता तिथून पाटण आठ नाही, बारा आहे. तर म्हणाला, "असू दे. चूक दुरुस्त करायला तू ये दिवाळीत, खडू घेऊन."